घाटातील एक दिवस

सह्याद्री हा महाराष्ट्राचा कणा होय. उत्तरेस तापीच्या खोऱ्यापासून निघालेली ही पर्वतरांग पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी दक्षिणेकडे दूरवर गेली आहे. तिच्या पूर्वेस देश आणि पश्चिमेस कोकण. देश उंच व मोकळा. कोकण सखल आणि चिंचोळे. या दोहोंच्या मध्ये सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. भिंत म्हटली की तिला दारे हवीतच. सह्याद्रीच्या या दारांना मराठी माणसाने ‘घाट’ हे नाव दिले. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहनांचे शिलालेख आजही पाहावयास मिळतात. तेव्हापासून, आणि कदाचित त्याच्याही आधीपासून, या वाटांनी माणसे चालत गेली. बैलांच्या पाठीवरून कोकणातील मीठ वर चढले आणि देशावरील धान्य खाली उतरले. व्यापारी गेले, यात्रेकरू गेले, सैन्येही गेली.

आता या वाटांवर डांबरी सडका झाल्या आहेत. पूर्वी दोन दिवस लागत, तेथे दोन तास पुरतात. तरीही घाट हा घाटच राहिला आहे. तेथे उतावळेपणा चालत नाही. सपाटीवरील रस्ता माणसाला वेग देतो. घाटातील रस्ता त्याला सावधपणा शिकवतो.

डिसेंबर २०२२ मधील एका पहाटे साताऱ्याजवळच्या एका शाळेतील बेचाळीस मुलेमुली सहलीला निघाली. वाई, पाचगणी, महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने कोकणात उतरावयाचे, महाड पाहावयाचे आणि रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे मुक्काम करावयाचा, असा बेत होता. बरोबर गुरुजी होते, बाई होत्या आणि दिमतीला राज्य परिवहनाची लाल गाडी होती. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, या सेवेची पहिली गाडी सुटली. तेव्हापासून महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांना या गाड्यांनी एकमेकांशी जोडले आहे. मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कोकण पाहिलेच नव्हते. त्यामुळे खिडकीजवळच्या जागेसाठी गाडी सुटण्यापूर्वीच दोन भांडणे झाली आणि ती मिटलीही.

वाईस पोहोचेपर्यंत चांगले उजाडले होते. कृष्णेच्या काठचे दगडी घाट आणि १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ कोवळ्या उन्हात न्हात होते. मुले देवदर्शन करून आली, तेव्हा चालक गाडीभोवती फिरत होते. त्यांनी प्रत्येक चाक हाताने चाचपून पाहिले, समोरची काच स्वच्छ पुसली, ब्रेक पुन्हा एकदा तपासले.

“काका, गाडी तर चांगली चालली होती. मग आता काय पाहता?” एका मुलीने विचारले.

“घाटात शिरण्याआधी गाडीला विचारून घ्यावं लागतं बाळ, बरी आहेस ना म्हणून,” चालक हसून म्हणाले.

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट सुरू झाला. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत जवळजवळ सहाशे मीटरांचा फरक आहे, आणि अंतर अवघे बारा किलोमीटरांचे. एवढा चढ सरळ चढावयाचा म्हटला तर कोणतीही गाडी धापा टाकील. म्हणून रस्ता डोंगराच्या अंगाशी आडवा पडतो, थोडा चढतो, वळतो, पुन्हा उलट दिशेने थोडा चढतो. घाट म्हणजे लांबवलेला चढ. जे एका दमात साधत नाही, ते तो वीस वळणांनी साधून घेतो. प्रत्येक वळणाला खालचे खोरे थोडे अधिक उलगडत गेले. धोम धरणाचे निळे पाणी, उसाचे हिरवे चौकोन, आणि मघाशी ओलांडलेले वाई गाव आता तळहातावर मावेल एवढे दिसू लागले.

समोरून उतरणारी एक मोटार आमच्यासाठी कशाला थांबली, असा प्रश्न एका मुलाने विचारला. वाहकांनी त्याला घाटाचा नियम सांगितला. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावयाची असते. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे अवघड असते. ज्याच्यावर भार अधिक, त्याला वाट आधी.

चौथ्या-पाचव्या वळणाला गाण्याच्या भेंड्यांचा आवाज मंदावला. एका मुलीला गाडी लागली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. पहाटे खिडकीसाठी सर्वांत अधिक भांडलेला मुलगा काही न बोलता उठला आणि आपली जागा त्याने तिला दिली. बाईंनी पिशवीतून आवळासुपारी काढली. वारा लागताच तिला हुशारी वाटू लागली, आणि भेंड्या पुन्हा रंगल्या.

पाचगणीच्या पठारावर मुले मनसोक्त धावली. डोंगराच्या माथ्यावर एवढे सपाट मैदान कसे, याचे त्यांना नवल वाटले. गुरुजींनी त्यांना समोरच्या डोंगराकडे पाहावयास सांगितले. त्याच्या उभ्या कड्यावर आडवे पट्टे दिसत होते, जणू कोणी भाकरीवर भाकरी रचून ठेवली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे ऊन-पावसाने वरचा थर झिजला, कुजला आणि त्याचा तांबडा जांभा दगड झाला. मुले ज्या पठारावर उभी होती, ते या जांभ्याचेच होते. “पाषाणसुद्धा झिजतो?” असे कोणीतरी विचारले. “पाण्यापुढे सारे झिजते,” गुरुजी म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ दुपारी उलगडावयाचा होता.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग या उंच भिंतीला अडतात आणि आपला भार तेथेच उतरवतात. म्हणून येथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस अठरा-एकोणीस किलोमीटरांवरील पाचगणीला त्याच्या निम्माही पडत नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या प्राचीन देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानलेले आहेत. वेण्णा तर या मुलांच्या घराशेजारची. साताऱ्याजवळ माहुलीला ती कृष्णेस मिळते, हे त्यांना ठाऊक होते. पण शेजारशेजारी उगम पावलेल्या या बहिणी सासरी किती दूर गेल्या, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. कृष्णा पूर्वेस वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री पश्चिमेस उडी घेते आणि महाडवरून जाऊन बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब. एक या अंगास घरंगळला, एक त्या अंगास, आणि त्यांचे समुद्रही वेगळे झाले. मुलांनी कुंडातील थंडगार पाणी ओंजळीने डोळ्यांना लावले. आता ती सावित्रीच्या वाटेने जाणार होती.

दुपारी जेवण झाले. चण्यांच्या, चिक्कीच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन मंडळी गाडीत बसली आणि आंबेनळी घाटाची उतरण सुरू झाली. चढणे कठीण असे सर्वांना वाटते. खरे कौशल्य उतरण्यात असते. सारखा ब्रेक दाबत राहिल्यास तो तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. गाडी संथ गतीने उतरत होती. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला दाट रानाने भरलेली दरी. वळणावर प्रतापगड दिसला, तेव्हा गाडीत एकदम जयघोष झाला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी या गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली, हे कोणास सांगावे लागले नाही. गडाजवळच्या पार गावी कोयनेवर असलेला शिवकालीन दगडी पूल आजही उभा असल्याचे गुरुजींनी सांगितले. त्या पुलावर बांधणाऱ्या गवंड्याचे नाव नाही. पूल मात्र आहे. गड चढून पाहावयास वेळ हवा, म्हणून तो पुढील सहलीसाठी राखून ठेवला होता.

पुड्या रिकाम्या होत होत्या. मागच्या बाजूच्या खिडक्यांतून अधूनमधून काहीतरी बाहेर जात होते. कधी चिक्कीचे चकचकीत वेष्टन, कधी प्लॅस्टिकची पिशवी. एकाने पाण्याची रिकामी बाटली भिरकावली आणि ती कठड्यावर आपटून टप्पे घेत गेली, तेव्हा आजूबाजूचे हसलेही. गुरुजी पुढे बसले होते. त्यांना ते दिसले नाही.

आणखी काही वळणे गेली आणि गाडी थांबली. पुढे लाल निशाण हलत होते.

रस्त्याची दरीकडील बाजू तेथे खचलेली होती आणि खालपासून दगडी संरक्षक भिंत रचण्याचे काम चालू होते. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर दगडांनी भरलेला ट्रक उभा होता. तो रिकामा होईपर्यंत कोणास पुढे जाता येणार नव्हते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मुले चुळबुळ करू लागली. महाडला पोहोचेपर्यंत अंधार पडणार, चवदार तळे नीट दिसणार नाही, अशी कुरकुर सुरू झाली. “यांना आजच काम काढायचं होतं का?” एक मुलगा मोठ्याने म्हणाला. बाटली भिरकावणारा तो हाच.

वाहकांनी ते ऐकले. त्यांनी गुरुजींच्या कानात काहीतरी सांगितले आणि मुलांना रांगेने खाली उतरवले.

निशाण हाती धरलेला मनुष्य पन्नाशी ओलांडलेला होता. अंगावर नारिंगी जाकीट, पायांत चिखलाने भरलेले बूट. रस्ता राखणाऱ्या अशा कामगाराला ‘मैलकुली’ म्हणत. पूर्वी रस्ते मैलांत मोजत आणि ठरावीक मैलांचा रस्ता एकेका टोळीकडे सोपवलेला असे. मैल गेले, किलोमीटर आले; लोकांच्या तोंडी नाव मात्र तेच राहिले. पलीकडे त्याचे दोन सोबती रस्त्याखालच्या मोरीत पहार घालून अडकलेला गाळ मोकळा करीत होते. बाहेर निघालेला ढीग कडेला पडला होता. त्यात पालापाचोळा होता, काटक्या होत्या आणि चिखलाने माखलेल्या बाटल्या नि पिशव्या होत्या.

“काका, मोरी साफ करायची काय गरज? पावसाळा तर संपला,” एका मुलीने विचारले.

“पावसाळा संपला म्हणून तर करायची,” तो म्हणाला. “पावसात कोण हात घालू देतं? हे बघा पोरांनो, डोंगराचं पाणी कुणाला आवरत नाही. त्याला फक्त वाट करून द्यायची. वरच्या अंगाला गटार, रस्त्याखालनं मोरी आणि पलीकडं दरी. ही वाट मोकळी असली की पाणी गुमान जातं. मोरी तुंबली की ते रस्त्यावर चढतं, कडेची माती पोखरतं आणि एक दिवस रस्ताच घेऊन जातं.”

“हा रस्ता तसाच गेला?”

तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने सांगितले ते सर्वांना ठाऊक असलेल्या दिवसांविषयी होते. जुलै २०२१ मध्ये या भागात प्रलयासारखा पाऊस कोसळला. महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सातारा जिल्ह्याच्याच माण तालुक्यात साऱ्या वर्षातही सरासरीने इतका पाऊस पडत नाही. २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. आंबेनळी घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, रस्ता खचला, वाहून गेला, आणि वाहतूक बंद पडली.

“त्या पावसापुढं कुणाचंच काही चालणार नव्हतं,” तो म्हणाला. “पण तसा पाऊस दर साली येत नाही. साध्या पावसातबी रस्ता जातो, तो तुंबलेल्या मोरीपायी. तुम्ही मंडळी वर्षातनं एकदा इथनं जाता. डोंगरातल्या वाड्यांना हाच एक रस्ता. तो तुटला की आजाऱ्याची डोली करावी लागते. चार जणांनी खांद्यावर घ्यायचं आणि घसरणाऱ्या मातीतनं पलीकडं न्यायचं. त्या वेळी कळतं, रस्ता म्हणजे काय ते.”

त्याने कोणास दोष दिला नाही. तो निशाण घेऊन पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

बाटली भिरकावणारा मुलगा त्या ढिगाकडे पाहत होता. चिखलातील एका पिशवीचे टोक स्वच्छ राहिले होते आणि त्यावरील चित्र त्याला ओळखीचे वाटले. तशीच पिशवी त्याच्या खिशात होती. ती कदाचित मागच्या वर्षीच्या कोणा सहलीने टाकली असेल. पण त्याने मघाशी टाकलेली बाटलीही पहिल्या पावसाबरोबर अशाच एखाद्या मोरीच्या तोंडाशी येणार होती. तो काही बोलला नाही. पुढे होऊन त्याने कडेला पडलेले रिकामे घमेले उचलले.

गुरुजींनी मुकादमाकडे परवानगी मागितली. दगडांच्या आणि ट्रकच्या जवळ जावयाचे नाही, या अटीवर ती मिळाली. मुलांनी डोंगराच्या बाजूने साखळी केली. ढिगातील प्लॅस्टिक वेगळे काढून ते हातोहात पोत्यांत भरले. पाऊण तासात पाच पोती भरली. हात काळे झाले, गणवेशावर चिखल उडाला. पण उशिराबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही. ट्रक रिकामा होऊन बाजूला झाला. आधी खालून चढणाऱ्या गाड्या सोडल्या गेल्या. मग लाल निशाण खाली झाले आणि लाल गाडी हलली.

पोलादपूर आले तेव्हा ऊन कलले होते. हवा एकदम दमट झाली. माडांच्या झावळ्या दिसू लागल्या. महाडच्या अलीकडे सावित्रीवरील नव्या पुलावर चालकांनी गाडीचा वेग कमी केला आणि हात क्षणभर कपाळाला लावला. येथील ब्रिटिश अमदानीतील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने वाहून गेली. त्या गाड्यांत त्यांच्यासारखेच चालक होते, त्यांच्यासारखेच वाहक होते. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, नवा पूल वाहतुकीस खुला झाला. खिडकीतून सावित्री शांत वाहताना दिसत होती. सकाळी ओंजळीत घेतलेले पाणी ते हेच, हे मुलांना खरे वाटेना.

महाडला चवदार तळ्यापाशी मंडळी पोहोचली, तेव्हा दिवेलागण झाली होती. तळे नीट दिसणार नाही ही भीती खोटी ठरली. पाण्यात आकाशाचा उरलेला उजेड पसरला होता. हे तळे सार्वजनिक होते. पण गावातील सर्वांना त्याचे पाणी घेता येत नव्हते. जन्माने कमी ठरवलेल्या माणसांना ते मना होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी लोकांसह येथे आले, पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीने पाण्यावरील सर्वांचा हक्क जगापुढे मांडला. गुरुजींनी एवढेच सांगितले आणि ते थांबले. मुले काठाशी उभी राहून पाण्याकडे पाहत होती. जे सर्वांचे आहे, ते सर्वांना मिळाले पाहिजे. आणि जे सर्वांना मिळाले आहे, ते सर्वांनी राखलेही पाहिजे. घाट असो की तळे, ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ ‘कोणाचेच नाही’ असा नसून ‘आपल्या प्रत्येकाचे’ असा आहे, हे त्या दिवशी त्यांना कोणत्याही पुस्तकाविना समजले.

दुसरा दिवस रायगडावर गेला. तिसऱ्या दिवशी परतीची वाट त्याच घाटाने होती. गाडीत चालकांच्या आसनामागे एक गोणी बांधलेली होती. चिक्कीची वेष्टने, पुड्या, बाटल्या तिच्यात जमा होत होत्या; ती कोणी बांधली, हे कोणी विचारले नाही. या वेळी गाडी चढत होती, म्हणून लाल निशाणाजवळ तिला आधी वाट मिळाली. निशाण धरलेला मनुष्य तोच होता. मुलांनी खिडक्यांतून हात हलवले. त्यानेही हात वर केला. परवा रस्त्याच्या खाली दिसणारी भिंत आता हातभर उंच झाली होती.